एकदाच विचारलं

"आई, बाळंतपणाला येतेस का?" रुचाने फोनवर विचारलं आणि कमलिनी म्हणाली, "अगं, मी कशाला? रास्मुसला रजा आहे. तिकडे सगळं असतंच. तुमच्या दोन खोल्यांत माझी उगाच अडचण." त्यावर रुचा म्हणाली, "ओके आई. फाइन. मग आम्ही मॅनेज करतो." आणि लगेच बाबागाडीचा विषय निघाला. करडी घ्यावी की काळी? कमलिनीने करडी घ्या म्हणून सांगितलं. पडद्यावर मागून रास्मुस, तिचा जावई, डोकावला, "हाय कमलिनी" म्हणून हात हलवून गेला, आणि फोन बंद झाला.

शनिवारची सकाळ होती. अबू धाबीतल्या अल रीम बेटावरच्या त्यांच्या सतराव्या मजल्याच्या घरात एसीची घरघर चालू होती, खाली खाडीचं पाणी आणि पलीकडे खारफुटीचा हिरवा पट्टा नेहमीसारखाच दिसत होता. कमलिनी ओट्यापाशी फोन हातात धरून तशीच उभी राहिली. आपल्याला नेमकं काय झालं ते तिला चटकन कळेना. कुणी वाईट बोललं नव्हतं, कुणी दुखावलं नव्हतं. पंगतीत वाढणारं माणूस आपल्या पानाशी थांबावं आणि काहीच न वाढता पुढे निघून जावं, तसं मात्र वाटत होतं. खरं म्हणजे पुढे काय व्हायचं ते तिच्या मनात अगदी पक्कं होतं. रुचाने म्हणायचं, "असं काय गं आई, तू नाही येणार तर कोण येणार?" मग तिने म्हणायचं, "बाबांच्या जेवणाचं काय?" मग रुचाने चिडायचं, "बाबा काय लहान आहेत का?" आणि मग तिने हसून म्हणायचं, "बरं बाई, येते." इतका सरळ रस्ता होता. पहिलं 'नको' म्हणजे काय, नुसतं खाकरणं. गाणं त्यानंतर सुरू होतं. इथे तिने खाकरलं आणि श्रोते उठून गेले.

वरच्या कपाटात डिंक होता, खारका होत्या, अळीव होते. मऊ झालेल्या दोन सुती साड्यांची दुपटी तिने ऑगस्टमध्येच शिवून ठेवली होती. मॉलमध्ये जाऊन बर्फात घालायचं जाकीट ती चाचपून आली होती, आणि तिच्या नवऱ्याने, दत्तप्रसादने, किमतीची चिठ्ठी उलटीसुलटी करून "साडेतीनशे दिरम! म्हणजे आठ हजार रुपये. एका स्वेटरला!" असं ओरडून घेतल्यावर "घ्यायचं असेल तर घे" असंही म्हटलं होतं. ती म्हणाली होती, "आत्ताच कशाला." म्हणजे जायचं ठरलेलंच होतं. फक्त तिला कुणी न्यायचं राहिलं होतं.

दत्तप्रसाद दुपारी जेवताना म्हणाला, "मग सांग ना तिला, येते म्हणून."

"असं कसं सांगायचं?"

"तोंडाने."

"चेष्टा करू नका. तिने सासूला, बिर्गिटला, सांगितलंसुद्धा असेल एव्हाना. त्यांचं सगळं ठरलेलं असतं. आणि खबरदार, तुम्ही मधे काही बोलायचं नाही."

"भीड भिकेची बहीण," दत्तप्रसाद आमटी वाढून घेत म्हणाला. "मी कशाला बोलू? खलास. तुम्ही मायलेकी आणि तुमचं डेन्मार्क."

तुमचं डेन्मार्क! चार वर्षांपूर्वी लग्नाला ती एकदाच तिथे जाऊन आली होती, पंधरवडाभर. रुचा शिकायला ऑर्हुस नावाच्या गावी गेली, नोकरीला लागली, आणि एक दिवस फोनवर म्हणाली, आई, एक मुलगा आहे. लग्न तिथल्या नगरपालिकेत झालं, चहा गार व्हायच्या आत. कमलिनीला त्या देशाबद्दल पहिल्यांदा जाणवली ती शांतता. आवाज नव्हता असं नाही. सायकली होत्या, पक्षी होते, पण कुणी कुणाला हाक मारत नव्हतं. दत्तप्रसादला आकड्यांचं वेड. तो विमानतळावरच फोनमध्ये बघून सांगायला लागला होता की अख्ख्या देशाची लोकसंख्या साठ लाख, आपल्या पुणे जिल्ह्याहूनही कमी, आणि कितीतरी घरांत एकेकटंच माणूस राहतं. तिला ते खरं वाटलं नव्हतं. मग रुचाच्या इमारतीच्या दारात तिने घंटांच्या पाट्या वाचल्या. एकेका घंटेखाली एकेकच नाव. वाचता वाचता तिला उगाचच वाटलं की या सगळ्या घंटा एकदम वाजवाव्यात आणि सगळ्यांना खाली बोलावून पोहे द्यावेत.

पण दुःखी कुणी दिसत नव्हतं, हीच तर पंचाईत होती. कॅफेच्या बाहेर थंडीत बाबागाड्या लावून ठेवलेल्या, आत बाळं गाढ झोपलेली, आणि आया काचेपलीकडे कॉफी पीत बसलेल्या. कमलिनी एका गाडीपाशी पहारा दिल्यासारखी उभी राहिली तेव्हा रुचाने तिला हाताला धरून नेलं. "आई, चल. दे विल थिंक तू किडनॅपर आहेस." रस्त्यात बाप मुलांना पोटाशी बांधून हिंडत होते, भर दुपारी, कामाच्या दिवशी. बापालासुद्धा जवळजवळ आईइतकीच रजा. नगरपालिकेची नर्स घरी येऊन बाळाचं वजन करून जाते. वर्षाचं झालं की पाळणाघर तयार. कमलिनीला हे सगळं ऐकून बरं वाटायला हवं होतं, आणि वाटलंही होतं, कारण तेव्हा बाळ कुणाचंतरी दुसऱ्याचं होतं. आता तिला वाटत होतं की त्या शहाण्या देशाने एका आईला लागणारं सगळं पुरवलं होतं, आणि त्या सगळ्याच्या बेरजेत आईची आई कुठेच धरली नव्हती.

त्याच मुक्कामात बिर्गिटकडे जेवण होतं. बिर्गिट म्हणजे रास्मुसची आई, शाळेत शिकवायची, उंच, हसरी. जेवण संध्याकाळी सहाला, म्हणजे सहालाच. बटाटे होते, मासा होता, शेपूच्या पानांचं काहीतरी पांढरं होतं. एकदा वाढून झाल्यावर बिर्गिटने बटाट्यांचं भांडं पुढे करून विचारलं, अजून? कमलिनी म्हणाली, नो, थँक यू. भांडं सरळ पुढे गेलं, रास्मुसकडून त्याच्या वडिलांकडे गेलं आणि तिथून आत गेलं. कमलिनी त्या भांड्याकडे बघत राहिली. घरी परतल्यावर तिने पर्समधली बिस्किटं खाल्ली तेव्हा रुचा पोट धरून हसली. "आई, तिने विचारलं, तू नो म्हणालीस. शी बिलीव्ह्ड यू!" रुचा तेव्हा हसली होती. आता त्या हसण्यात आणि परवाच्या 'ओके'मध्ये फार अंतर नाही असं कमलिनीला वाटायला लागलं. आपली पोरगी कधी त्यांच्यातली झाली? तिथला पासपोर्ट मिळाला तेव्हा? की आधीच, एखाद्या अशाच जेवणाच्या वेळी, तिने पहिल्यांदा कुणाच्या तरी 'नको'वर विश्वास ठेवला तेव्हा?

आठवडा तसाच गेला. कपडे वाळत घालताना, भाजी निवडताना तिच्या मनात एकच हिशेब चालू असायचा, की आपण 'नको' म्हणायला शिकलो कधी. सांगलीला, नक्कीच. कुणाकडे जायचं असलं की आई फ्रॉकची बटणं लावता लावता बजावायची, कुणी काही दिलं तर आधी नको म्हणायचं, दुसऱ्यांदा नको म्हणायचं, तिसऱ्यांदा घ्यायचं, आणि घेतानासुद्धा थोडंच. एकदा शेजारी बासुंदी होती. तिथल्या काकूंच्या घरी नवी आलेली सून वाढत होती, बहुधा दुसऱ्या गावची किंवा दुसऱ्या वळणाची. छोटी कमल नको म्हणाली. सुनेने "बरं" म्हणून वाटी तिच्यासमोरून उचलली. तेव्हाही असंच वाटलं होतं. घरी येऊन ती रडली तर आई म्हणाली, "शहाणी माझी ती." रडण्याबद्दल काही नाही, शहाणपणाबद्दल शाबासकी. मग तिला त्या शाबासकीचीच गोडी लागली. लग्नाच्या वेळी मुलगा पसंत आहे का असं विचारलं तेव्हा ती "तुम्ही म्हणाल तसं" म्हणाली, खरं तर दत्तप्रसाद तिला पाहताक्षणी आवडला होता. अबू धाबीची नोकरी आली तेव्हाही "तुमचं तुम्ही बघा" म्हणाली, आणि मनात मात्र तिने बॅगा भरायला घेतल्या होत्या. तिच्या नशिबाने माणसं आग्रहाची मिळाली, म्हणून निभावलं.

इथे आल्यावरही पहिल्याच वर्षी अशी एक फजिती झाली होती. दत्तप्रसादच्या कंपनीचे मालक इथलेच अरब. त्यांच्या घरी बायकांना बोलावलं होतं. उम्म सईद, मालकांची बायको, गालिच्यावर ऐसपैस बसलेली. बिनकानाच्या चिमुकल्या कपात पिवळसर कॉफी यायची, वेलदोड्याच्या वासाची. कमलिनीने एक कप घेतला, मग "बस, थँक यू" म्हणाली. वाढणारी बाई हसून पुन्हा ओतून गेली. कमलिनीला बरं वाटलं, चला, इथेही आपल्यासारखाच आग्रह आहे. पण तो आग्रह थांबेचना. ती नको म्हणत होती, कप भरत होता, आणि भरलेला कप तसाच ठेवणं वाईट दिसेल म्हणून ती पीत होती. शेवटी उम्म सईदने पुढे वाकून तिचं मनगट धरलं आणि रिकामा कप डावीउजवीकडे हलवून दाखवला. "हबीबती, लाइक धिस. देन खलास." कप हलवला की पुरे. तोपर्यंत तोंडाने काहीही म्हणा, त्याला किंमत नाही. सगळ्या बायका हसल्या, तीही हसली. तेव्हा तिला ते सगळं किती सोपं वाटलं होतं. प्रत्येक मुलखाची एक खूण असते, ती कळली की झालं.

बुधवारी संध्याकाळी शेजारची शिवानी आली. पुण्याची, बँकेत नोकरी, पाय दुखले की चप्पल हातात घेऊन लिफ्टमधून येणारी. कमलिनीने सांज्याच्या पोळ्या केल्या होत्या. एक खाऊन झाल्यावर तिने दुसरी पुढे केली.

"नको काकू, खरंच नको. डाएट चाललंय."

एरवी कमलिनीने पोळी ताटात टाकून वर तूप सोडलं असतं. पण त्या दिवशी तिच्या अंगात काय आलं कोण जाणे. "बरं," ती म्हणाली आणि पोळी परत डब्यात ठेवून तिने झाकण लावलं.  शिवानीने डब्याकडे पाहिलं, मग कमलिनीकडे पाहिलं, आणि तिचा चेहरा असा काही पडला की कमलिनीला हसू आवरेना. तिने झाकण काढलं.

"काय हो काकू! घाबरले ना मी," शिवानी पोळी घेत म्हणाली. "मला वाटलं, काही चुकलं का माझं?"

"चुकलं काही नाही गं. तू नको म्हणालीस म्हणून."

"नको म्हटलं म्हणजे काय लगेच..." शिवानी म्हणाली आणि तीही हसायला लागली. मग तिने विचारलं, "ते जाऊ दे, तुमचं कधी निघायचं? व्हिसाची अपॉइंटमेंट घेतलीत ना? आमच्या ऑफिसमधल्या विघ्नेशला युरोपची तारीख मिळता मिळत नाहीये. डिसेंबर फुल्ल. जानेवारीच्या थोड्या उरल्यात म्हणे. उशीर केलात तर फेब्रुवारीत बाळ येईल आणि तुम्ही इथे रांगेत."

कमलिनी म्हणाली, "बघू. इन्शाल्ला." इथे एवढी वर्षं राहून हा एक शब्द तिच्या फार सोयीचा झाला होता. त्यात हो पण बसायचं आणि नाही पण.

शिवानी गेल्यावर मात्र ती सैरभैर झाली. तोपर्यंत आपल्याकडे वेळ आहे असं तिने गृहीत धरलं होतं. आज ना उद्या रुचा पुन्हा विचारेल, पोट वाढेल, पाय सुजतील, एखाद्या दिवशी घाबरेल आणि म्हणेल, आई ये. त्याऐवजी गुरुवारी रुचाचा मेसेज आला. सगळं कसं छान बसलं आहे ते त्यात आनंदाने लिहिलं होतं. बिर्गिट दर मंगळवारी आणि शुक्रवारी येणार, दुपारी दोन ते पाच. पहिले दोन आठवडे कुणीच नाही, फक्त ते तिघं. खाली लाल हृदय. कमलिनीने दोन ते पाच हे शब्द पुन्हा पुन्हा वाचले. आजी दोन वाजता येणार आणि पाच वाजता जाणार. पाच वाजून गेल्यावर बाळ रडलं तर? तिला बिर्गिटचा राग यावा अशी फार इच्छा होती, पण येईना. बिर्गिटला विचारलं होतं, ती हो म्हणाली होती. तिचं काय चुकलं?

कमलिनीने उत्तर म्हणून एक अंगठा पाठवला आणि ती जाऊन पलंगावर पडली. तिथे पडल्या पडल्या तिला रास्मुसची आजी आठवली. एलसे नाव. नव्वदी ओलांडलेली, एका खोलीत एकटी, खिडकीत मेणबत्ती आणि तांबडी फुलं. सकाळी नगरपालिकेची बाई येऊन तिचे पायमोजे चढवून जायची. कमलिनीच्या मनात तेव्हा भडभडून आलं होतं. मुलगा त्याच गावात, सून इतकी भली, आणि ही म्हातारी एकटी! तिला सारखं वाटत होतं की कधीतरी या बाईला कुणीतरी विचारलं असणार, आमच्याकडे राहायला येता का, आणि ही आपल्यासारखीच "नको, कशाला" म्हणाली असणार, आणि झालं, सगळ्यांनी मान डोलावली असणार. त्या देशातल्या सगळ्या घंटांखाली एकेकच नाव आहे ते असं तर नसेल? न राहवून तिने रुचाला मधे घालून विचारलं होतं, तुम्हाला एकटं वाटत नाही का? एलसेने विचार केला. मग मोडक्या इंग्रजीत ती स्वतःच म्हणाली, "येस. देन आय टेलिफोन. आय से, कम." आणि कमलिनीच्या चेहऱ्याकडे बघून तिने जोडलं, "समटाइम्स दे से नो." हे सांगताना ती जराही केविलवाणी दिसत नव्हती. कमलिनीला त्या वेळी ते उत्तर निर्लज्जपणाचं वाटलं होतं. या वयात पोरांना फोन करून या म्हणायचं, आणि तीही नाही म्हणणार! आता छताकडे बघताना तिला वाटलं, त्या म्हातारीला 'नाही' ऐकायची सवय होती. आपल्याला ती नाही. आपण आयुष्यभर कुणाला काही मागितलंच नाही, त्यामुळे आपल्याला कुणी नाही म्हणूच शकलं नाही. आणि याला आपण साधेपणा समजत होतो.

संध्याकाळी दोघं खाली पाण्याच्या कडेने फिरायला गेली. नोव्हेंबरची हवा सुखाची होती. तरुण जोडपी, सायकलवरची पोरं, फिलिपिनो दाया, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र तसंच राहिलेली माणसं. या गावात म्हातारी माणसं दिसत नाहीत, हे डेन्मार्कहून परतल्यावर प्रथम कमलिनीच्या लक्षात आलं होतं. दहातली नऊ माणसं बाहेरची, आणि बाहेरच्याने काम आहे तोवर राहायचं. काम संपलं की व्हिसा संपला. दत्तप्रसादचंही पुढच्या वर्षी संपणार होतं. मग पुण्याचा फ्लॅट. त्याबद्दल ती कधी काही म्हणाली नव्हती, त्यामुळे ते ठरून गेलं होतं.

बाकावर बसल्यावर दत्तप्रसादने चष्मा पुसला आणि विचारलं, "बोललीस का रुचाशी?"

"नाही."

"ती काय मनकवडी आहे? तू नको म्हणालीस, तिने ऐकलं. लोक सुनांना शिव्या देतात, आमचं ऐकत नाहीत म्हणून. तुझी मुलगी ऐकते तर तुला त्याचाही त्रास."

कमलिनी पाण्याकडे बघत होती. ती अगदी साध्या आवाजात म्हणाली, "तुम्हीही एकदाच विचारलं होतं."

"काय?"

"कॉर्निशवर, समुद्राकाठी. रुचा चार वर्षांची होती. तुम्ही म्हणालात, अजून एक मूल हवंय का तुला. मी म्हटलं, राहू दे, कशाला."

दत्तप्रसादचा चष्मा पुसणारा हात थांबला.  समोरून एक बाई दोन मुलांना ओढत घेऊन गेली.

"मला वाटलं, तुला नकोय," तो म्हणाला.

"मी तसं म्हटलंच होतं."

"आणि हवं होतं?"

'तसं काही नाही' हे तिच्या ओठांवर तयारच होतं. ते तिथे कायम तयार असायचं. ते तिने गिळलं. "हो," ती म्हणाली. "फार."

त्या 'हो'नंतर काही कोसळलं नाही. दत्तप्रसादने तिचा हात हातात घेतला, एरवी चारचौघांत तो असलं काही करत नसे. त्याचे डोळे भरले होते की नुसताच चष्मा नव्हता म्हणून तसे दिसत होते, तिला कळलं नाही. तिला स्वतःला मात्र रडू येत नव्हतं. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं आत ठेवलेली गोष्ट बाहेर काढल्यावर ती इतकी लहान निघाली याचंच तिला नवल वाटत होतं. एक अक्षर. तेवढं तेव्हा म्हटलं असतं तर आज कुणीतरी असतं, त्याला एक नाव असतं, त्याच्या नोकरीची काळजी असती. दुःख झालं, खूप झालं, पण ते दुःख स्वच्छ होतं. त्यात कुणाला दोष द्यायला जागा नव्हती.

"चला, यल्ला," ती उठत म्हणाली. "मला फोन करायचाय."

घरी येऊन तिने चपला काढल्या, पाणी प्यायलं, आणि विचार बदलायच्या आत रुचाला फोन लावला. रुचाच्या मागे खिडकीत अंधार होता. तिथे दुपारी चारलाच दिवस मावळतो.

"आई? ऑल ओके?"

"रुचा, मला यायचंय. बाळंतपणाला."

रुचाने फोन चेहऱ्याजवळ ओढला. 

"पण तू नको म्हणालीस ना? आय आस्क्ड यू."

"म्हणाले. ते खरं नव्हतं."

"आई..." रुचाचा आवाज बदलला. "मी त्या दिवशी किती वेळ रडले माहितीये? रास्मुसला म्हटलं, आईला नाही यायचं. तो म्हणाला, परत विचार. मी म्हटलं, नाही, या वेळी नाही विचारणार. लहानपणापासून आय हॅव बीन गेसिंग. तू साडी नको म्हणायचीस, बाबांनी आणि मी ओळखायचं. तू जेवलीस का विचारलं की हो म्हणायचीस, आणि मी फ्रिज उघडून बघायचं की खरंच जेवलीस का. दमायला होतं गं. मला वाटलं, या वेळी तरी, माझ्या बाळासाठी तरी, शी विल जस्ट से इट."

कमलिनीला वाटलं होतं की पोरगी परकी झाली म्हणून ओके म्हणाली. पोरगी तिची वाट बघत होती. तिकडे चेहरा हसरा ठेवून, गाड्यांचे रंग विचारत, ही सगळा वेळ वाट बघत होती.  "चुकलंच माझं," कमलिनी म्हणाली. "पण आता सांगितलं ना? मला यायचंय."

"थँक यू," रुचा म्हणाली आणि तिने नाक ओढलं. मग ती पुन्हा ती झाली. "पण मी आत्ता हो नाही म्हणू शकत. आमचं पहिल्या दिवसांचं वेगळं ठरलंय. रास्मुसशी बोलते. उद्या सांगते, ओके?"

"ओके," कमलिनी म्हणाली.

दुसरा दिवस तिने कधी नव्हे असा काढला. आयुष्यात पहिल्यांदा तिने काहीतरी मागितलं होतं आणि ते मिळेल की नाही हे तिला माहीत नव्हतं. लोक असे जगतात तरी कसे? ती भांडी घासून ठेवायची आणि पुन्हा तीच घासायची. नाही म्हणाले तर, असा विचार आला की कानशिलं गरम व्हायची. मग हळूहळू, दुपारच्या सुमारास, तिला जाणवलं की नाही म्हणाले तरी आपण मरणार नाही. वाईट वाटेल, जेवण जाणार नाही, आणि परवा पुन्हा भाजी आणायला जाऊ. आणि रुचाला माहीत असेल की आईला यायचं होतं. हे तिला माहीत असणं, नुसतं एवढंसुद्धा, गेल्या आठवड्यापेक्षा बरंच होतं. शुक्रवार म्हणून दत्तप्रसाद ऑफिसातून अर्ध्या दिवसाने आला तेव्हा काही विचारायला धजला नाही. त्याने गुपचूप ताटं घेतली.

वरण वाढत असतानाच फोन वाजला. या वेळी पडद्यावर दोघंही होती, सोफ्यावर खेटून बसलेली. रास्मुसने मराठीत "नमस्कार" म्हटलं, म्हणजे मामला गंभीर होता.

"आई, आम्ही बोललो," रुचा म्हणाली. "पहिले दोन आठवडे आम्ही तिघंच राहणार. दॅट वी वोन्ट चेंज. आय नो तुला ते आवडणार नाही. पण त्यानंतर तू ये. रास्मुस म्हणतो, महिनाभर राहा. चालेल?"

दत्तप्रसाद पळी हातात धरून बायकोच्या तोंडाकडे बघत होता. पहिले दोन आठवडे म्हणजे सव्वा महिन्यातलं खरं बाळंतपण, न्हाऊ-माखू, शेक-शेगडी, ते सगळं तिच्याविनाच होणार होतं. ते एक 'नाही' होतं, स्वच्छ, समोरासमोर दिलेलं. ते तिला लागलं, आणि तिने ते लागू दिलं. मग महिना राहिला. पूर्ण एक महिना. तिची जीभ सवयीने टाळ्याला लागली. अगं, महिना कशाला, तुमची अडचण, आठ दिवस पुरेत मला.

"महिना कमी आहे," कमलिनी म्हणाली. "मला दोन हवेत."